गादीदार हेडबोर्ड घरी करताना आधी भिंत पाहा

चवथ आठ दिवसांवर आली की गोव्यातल्या घराघरांत भिंतींना हात लागतो. माळ्यावरची भांडी खाली येतात, कपाटे पुढे ओढली जातात आणि पावसाळ्याचे तीन महिने जे दडून राहिलेले असते ते उजेडात येते. तीन वर्षांपूर्वी अशाच साफसफाईत आईच्या पलंगाच्या उशाकडचा हेडबोर्ड आम्ही भिंतीवरून उतरवला. समोरून तो दृष्ट लागण्यासारखा होता. मोरपिशी मखमल, शंकरपाळ्यांच्या नक्षीत खोल बसवलेली बटणे, कडेला सोनेरी पट्टी. जेमतेम दहा महिन्यांपूर्वी एका दुकानातून तो तयार आणलेला होता. मागच्या बाजूला मात्र काळपट-हिरवी बुरशी निम्म्या भागावर पसरली होती आणि भिंतीवर त्याच्याच आकाराचा ओला चौकोन उमटला होता.

आईला दमा आहे. रात्री आडवे पडल्यावर धाप लागली की ती उठून पाठ टेकून बसते. कधी तासभर, कधी पहाटेपर्यंत. हेडबोर्ड घेतला तो त्यासाठी, शोभेसाठी नव्हे. त्या जुलैपासून तिचा खोकला वाढला होता. त्याचे कारण ही बुरशीच होती, असे ठामपणे म्हणण्याचा अधिकार मला नाही. परंतु घरातली ओल आणि बुरशी यांचा दम्याशी असलेला संबंध इतका प्रस्थापित आहे की जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली केवळ याच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तो हेडबोर्ड आम्ही त्याच संध्याकाळी घराबाहेर काढला.

दुकानदाराने फसवले, असे मी म्हणणार नाही. वस्तू चांगली होती. ती आमच्या भिंतीसाठी केलेली नव्हती, इतकेच. पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या मेस्तांच्या मदतीने आम्ही दुसरा हेडबोर्ड घरीच केला. त्याला आता तीन पावसाळे होऊन गेले आहेत. तो कसा केला, आणि मुख्य म्हणजे तसा का केला, ते येथे सविस्तर सांगते. अवजारे फार लागत नाहीत. करवत, ड्रिल, स्टेपल गन, गुण्या आणि मोजपट्टी एवढ्यावर काम भागते. लाकूड कापून देण्याचे काम प्लायवूडच्या दुकानातही होते.

ओल येते कुठून

बुरशीचे बीजाणू हवेत सदैव असतात. त्यांना रुजायला ओलावा तेवढा हवा असतो. एखाद्या पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता बरेच दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहिली की कापूस, कागद, लाकूड, धूळ यांपैकी कशावरही ती वाढू लागते. किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर या काळात बाहेरची हवाच त्या पातळीच्या वर असते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हे टाळता येण्यासारखे नाही. मग उघडी भिंत का वाचते? कारण तिच्यावरून हवा फिरत असते. पंख्याच्या वाऱ्याने, खिडकीतून आलेल्या झुळुकीने तिचा ओलावा सतत थोडाथोडा उडून जातो. त्याच भिंतीला फोमचा जाड थर घट्ट चिकटवून बसवला की हे सुकणे थांबते. फोम स्पंजासारखा असतो, बाष्प आत घेतो आणि धरून ठेवतो.

त्यात आपली घरे चिऱ्याची. जांभा दगड सच्छिद्र असतो. पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येणारा तिरपा पाऊस ज्या भिंतीवर आदळतो ती भिंत बाहेरचा गिलावा तडकलेला असला तर पाणी पिते, आणि ते आतल्या बाजूला पोहोचायला दोन-चार दिवस लागतात. पाऊस उघडल्यानंतरही भिंत ओली दिसते ती यामुळे.

वातानुकूलित खोल्यांचा प्रकार आणखी वेगळा आहे, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. रात्रभर यंत्र चालून भिंत, फरशी, हेडबोर्ड हे सारे बावीस-तेवीस अंशांपर्यंत थंड होते. पावसाळ्यातल्या बाहेरच्या हवेचा दवबिंदू चोवीस-पंचवीस अंशांच्या घरात असतो. सकाळी यंत्र बंद करून आपण मोकळ्या हवेसाठी खिडक्या उघडतो आणि ती दमट हवा थंड पृष्ठभागांवर येऊन दवासारखी जमते. उघड्या भिंतीवरचे दव तासाभरात उडते. हेडबोर्डच्या मागचे तिथेच राहते, आणि दुसऱ्या दिवशी त्यात भर पडते.

म्हणून फोम आणि कापड आणण्याआधी भिंतीची परीक्षा घ्यावी. ती सोपी आहे. पारदर्शक प्लास्टिकचा हातभर चौकोनी तुकडा हेडबोर्ड जिथे यायचा त्या जागी चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येते आहे. अशा भिंतीवर कोणताही हेडबोर्ड लावू नये. आधी बाहेरची तड, गच्चीचा सांधा किंवा गळकी पन्हळ दुरुस्त करावी. थेंब खोलीकडच्या बाजूला दिसले तर दोष हवेतला आहे, आणि त्यावर हेडबोर्डच्या रचनेत उपाय करता येतो. आमच्याकडे दुसरा प्रकार निघाला. एका कोपऱ्यात मात्र पहिल्याचीही शंका होती, तिच्याविषयी शेवटी.

आजोळच्या घरी एक शिसवी पलंग होता. उशाकडे कोरीव फळी, मधल्या भागात वेताची जाळी. लहानपणी त्या जाळीत बोटे अडकवून आम्ही बोलणी खाल्ली आहेत. भिंतीपासून तो वीतभर पुढे असे, आणि का, असे कोणी विचारले नाही. फोमचे हेडबोर्ड मुळात कोरड्या, थंड मुलखांतली वस्तू. ते आपल्याकडे आणायचे तर त्या वीतभर अंतरासारखे काहीतरी त्यांनाही द्यावे लागते.

माप माणसाचे घ्यावे

साधारणपणे पलंगाची रुंदी मोजून मोकळे होतात आणि उंची डोळ्याला बरी दिसेल तेवढी ठेवतात. जो माणूस टेकून बसणार आहे त्याला पलंगावर भिंतीला पाठ लावून बसवावे आणि गादीच्या पृष्ठभागापासून त्याच्या डोक्याच्या टोकापर्यंत माप घ्यावे. आईचे ते २९ इंच भरले. बाजारातला हेडबोर्ड गादीच्या वर जेमतेम २० इंच होता. म्हणजे वर्षभर तिची पाठ मऊ गादीवर आणि डोके उघड्या भिंतीवर टेकत होते, हे तोवर आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. तिने सांगितलेही नाही. तिचा स्वभावच तसा.

गादीच्या खाली तीन इंच फळी उतरावी, नाहीतर गादी आणि फळी यांच्यातल्या फटीत उशी सरकते. एकूण उंची झाली ३२ इंच. रुंदी पलंगाइतकी, पाच फूट. पण साठ इंचांची एक अखंड फळी करण्याऐवजी आम्ही दोन फळ्या केल्या, आणि हा निर्णय सर्वांत उपयोगी ठरला. अखंड हेडबोर्डचे वजन चौदा किलोंच्या आसपास जाते. दोन भागांत तो केला की प्रत्येक भाग सातेक किलोंचा होतो आणि एकटी बाई तो उतरवू शकते. जी वस्तू उतरवायला दोन माणसे लागतात ती घरात वर्षानुवर्षे उतरत नाही.

येथे एक चूक कबूल करते. पहिल्या खेपेस मी तीस-तीस इंचांच्या दोन फळ्या कापून आणल्या. फोम, त्यावरचा फायबरचा थर आणि कापड चढल्यावर प्रत्येक कडेला पाव इंच वाढले आणि दोन्ही मिळून पलंगापेक्षा इंचभर रुंद झाल्या. मेस्तांनी काही न बोलता त्या परत सोलून अर्धा-अर्धा इंच कापून दिल्या. तेव्हा फळी साडेएकोणतीस इंचांचीच घ्यावी.

लाकूड आणि फोम

प्लायवूड १२ मिलिमीटर जाडीचे पुरते. दुकानात दोन नावे ऐकू येतात. आयएस ३०३ हे सामान्य वापराच्या प्लायवूडचे मानक, आणि आयएस ७१० हे मरीन प्लायवूडचे. दर बराच वेगळा असतो, पण किनारपट्टीवर आणि विशेषतः दम्याच्या रुग्णाच्या खोलीत दुसरेच घ्यावे, असे माझे मत आहे. कारण केवळ पाण्याचे नाही. स्वस्त प्लायवूडचे थर सहसा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या सरसाने जोडलेले असतात, आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू बराच काळ हळूहळू सुटत राहतो. नव्या फर्निचरचा डोळ्यांना झोंबणारा वास बऱ्याच अंशी त्याचाच. मरीन प्लायवूडमधला फिनॉलयुक्त सरस पाण्याला दाद देत नाही आणि वायूही पुष्कळच कमी सोडतो. कापून आणलेल्या फळ्या तरीही पंधरा दिवस सज्जावर हवेशीर ठेवाव्यात. कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात द्यावेत. ओल आणि वाळवी दोन्ही कडेतूनच शिरतात.

फळीला दर सहा इंचांवर इंचभर व्यासाची छिद्रे पाडावीत. ड्रिलला गोल करवतीचे पाते लावले की हे काम अर्ध्या तासात होते. फोम मागच्या बाजूनेही श्वास घेऊ शकतो तो या छिद्रांमुळे. तयार हेडबोर्डना ती क्वचितच असतात.

फोम विकत घेताना ‘डेन्सिटी’ विचारतात. ३२ डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन ३२ किलो. हा आकडा फोम किती कठीण आहे ते सांगत नाही, तो किती काळ टिकेल याचा अंदाज देतो. हलका फोम दोन वर्षांत बसतो आणि टेकल्यावर आतली फळी पाठीला लागते. हेडबोर्डला ३२ पुरतो, रोज तासन्‌तास टेकणार असाल तर ४० घ्यावा. जाडी दोन इंच. काथ्याचे रबर लावून केलेले पत्रेही मिळतात. नारळाच्या तंतूंना रबराच्या चिकात घोळवून ते दाबलेले असतात, आणि त्यांतून हवा फोमपेक्षा कितीतरी मोकळी खेळते. ते टोचतात, ही अडचण. आम्ही खाली इंचभर काथ्या आणि वर इंचभर फोम असा मेळ घातला. हे मेस्तांचे डोके.

फोम कापायला पाव कापण्याची दातेरी सुरी उत्तम. तो फळीवर बसवताना सरस सबंध पृष्ठभागाला फासू नये, नाहीतर छिद्रे बुजतात; चार कोपरे आणि मध्य एवढे पाच ठिपके पुरेत. त्यावर फायबरचा पातळ थर अंथरून तो कडेवरून मागे वळवावा. कडा गोलसर दिसतात त्या याच्यामुळे.

अभ्रा

कापडाच्या निवडीत बहुतेकांची फसगत होते. मखमल दिसायला राजेशाही, पण तिच्या लवेत धूळ बसते आणि ती धूळ दम्याच्या माणसाच्या नाकापासून चार बोटांवर असते. रेक्झिन पुसता येते म्हणून लोक ते पसंत करतात. त्यात दोन जाती आहेत. पॉलियुरेथेनचा थर असलेले रेक्झिन हाताला मऊ लागते, पण दमट हवेत त्याचे रासायनिक विघटन होऊन दोन-चार वर्षांत त्याचे पापुद्रे सुटू लागतात. सोफ्यावर बसून उठल्यावर कपड्यांना काळे कण चिकटलेले ज्यांनी पाहिले असतील त्यांना हे सांगायला नको. पीव्हीसीचे रेक्झिन टिकते, मात्र त्यातून हवा जात नाही आणि मे महिन्यात पाठ घामाने निथळते.

शिवाय तेल. आपल्याकडच्या कोणत्याही हेडबोर्डचा खरा शत्रू डोक्याचे खोबरेल तेल आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुरुष केसांना ‘मकासर’ नावाचे तेल चोपडू लागले, तेव्हा तिथल्या गृहिणींनी खुर्च्यांच्या पाठींवर धुता येणारे रुमाल घालायला सुरुवात केली आणि त्या रुमालांना इंग्रजीत नावच पडले ‘अँटिमकासर’. आपल्याकडच्या जुन्या घरांत आरामखुर्चीवर दिसणारे क्रोशाचे रुमाल त्याच कुळातले. आम्ही रुमालाच्या पुढे एक पाऊल गेलो. उशीला असतो तसा हेडबोर्डलाच अभ्रा शिवला.

म्हणजे कापडाचे दोन थर. आतला मांजरपाटाचा, फळीच्या मागे स्टेपलने पक्का ठोकलेला. बाहेरचा जाड सुती कापडाचा, निघणारा. आतल्या थराची पद्धत सांगते. कापड जमिनीवर पसरावे, त्यावर फळी फोम खाली येईल अशी पालथी ठेवावी. प्रथम वरच्या कडेच्या मध्यावर एक स्टेपल, मग कापड हलके ताणून समोरच्या खालच्या कडेच्या मध्यावर दुसरा, तसेच डावी-उजवीकडे. मध्याकडून कोपऱ्यांकडे जावे, एका बाजूला दोन झाले की समोरच्या बाजूला दोन. एकच कड आधी पूर्ण ठोकून टाकली तर कापडाचा धागा तिरपा होतो आणि समोर लाटा दिसतात. कोपरे सर्वांत शेवटी, पाकिटासारखी घडी घालून. फार जोराने ताणू नये. फोमची कड दबून आत जाते. स्टेपलच्या पिना ८ ते १० मिलिमीटरच्या, आणि त्या स्टेनलेस किंवा निदान जस्ताचा मुलामा दिलेल्या असाव्यात. खाऱ्या हवेत साधी पिन दोन पावसाळ्यांत गंजते, आणि गंजाचा डाग कापडातून पुढे येतो.

बाहेरचा अभ्रा शिंप्याकडून शिवून घेतला. इस्त्रीच्या टेबलावरचे आच्छादन पाहावे, तशीच रचना. पेटीसारखे शिवलेले कोपरे, मागच्या बाजूला तीन इंच वळणारी कड, त्या कडेला नेफा आणि नेफ्यात नाडी. अभ्रा चढवून नाडी ओढून गाठ मारली की समोरून तो ठोकलेल्या कापडाइतकाच ताठ दिसतो. हिशेब असा. साडेएकोणतीस इंच रुंदी, अधिक दोन्ही बाजूंना फळी व फोमची जाडी मिळून अडीच इंच, अधिक मागचे तीन इंच आणि नेफ्याचा एक इंच. म्हणजे रुंदीला सुमारे ४३ आणि उंचीला सुमारे ४५ इंच. पडद्या-सोफ्याचे कापड ५४ इंच पन्ह्याचे येते, त्यामुळे एका फळीला एक लांबी पुरते आणि कोठेही जोड द्यावा लागत नाही. दोन फळ्यांना अडीच मीटर घ्यावे आणि शिवण्यापूर्वी एकदा धुऊन आटवून घ्यावे. शक्य असल्यास दोन जोड शिवावेत. पावसात एक जोड वाळायला तीन दिवस लागतात.

खोल बटणांची नक्षी आम्ही मुद्दामच केली नाही. ती आवडणारे बरेच आहेत, मलाही ती आवडत होती. पूर्वी गाद्या-खुर्च्यांत घोड्याचे केस भरत, आणि ते एका बाजूला सरकू नयेत म्हणून मधून मधून दोऱ्याने आवळून बटण लावत. फोम सरकत नाही, त्यामुळे आता ती केवळ नक्षी उरली आहे. तिला कापड बरेच जास्त लागते, प्रत्येक खळगीत धूळ साचते, आणि अभ्रा काढता येण्याची सोय तर उरतच नाही.

टांगणी

फळी भिंतीला स्क्रूने कायमची न ठोकता टांगायची, आणि तिच्यामागे इंचभर पोकळी ठेवायची, हे या सगळ्या खटाटोपाचे मर्म. त्यासाठी २५ मिलिमीटर जाड आणि चार इंच रुंद अशी सागवानाची किंवा फणसाची पट्टी घ्यावी आणि ती लांबीत ४५ अंशांच्या कोनात चिरून घ्यावी. दोन तुकडे मिळतात, दोघांचीही एक कड तिरपी. एक तुकडा भिंतीवर बसवायचा, तिरपी कड वर आणि तिचा उतार भिंतीकडे, म्हणजे भिंत आणि पट्टी यांच्यामध्ये खाच तयार होते. दुसरा तुकडा फळीच्या पाठीला उलटा, तिरपी कड खाली. फळी उचलून वरून सोडली की तिची पट्टी त्या खाचेत जाऊन बसते. जितके वजन पडेल तितकी पकड घट्ट होते, आणि काढायची झाली तर सरळ वर उचलायची. फळीच्या खालच्या भागात त्याच जाडीचे दोन ठोकळे लावावेत म्हणजे ती भिंतीला समांतर राहते.

पट्टी फळीच्या पूर्ण रुंदीची नसावी. पोकळीतली हवा खालून वर जाते; आडवी अखंड पट्टी तिला बांधासारखी अडवते. प्रत्येक फळीला मध्यभागी चौदा इंचांची पट्टी पुरेशी आहे, दोन्ही बाजूंना वाट मोकळी राहते. पट्टी आणि ठोकळे कडेपासून पाच इंच आत असावेत, कारण अभ्र्याची वळलेली कड तिथे यायची असते. हे स्क्रू फळीच्या पुढच्या बाजूने, फोम लावण्यापूर्वी मारावेत आणि त्यांची डोकी लाकडात बुडवावीत.

भिंतीतल्या स्क्रूच्या लांबीत काटकसर नको. पट्टीचे २५ मिलिमीटर, गिलाव्याचे सुमारे १५, आणि चिऱ्यात निदान ४० असे मिळून ८० मिलिमीटरचा स्क्रू लागतो. अनेकजण ५० चा मारतात. तो गिलाव्याच्या जरासा पलीकडे जाऊन थांबतो, आणि वयस्क माणूस पलंगावरून उठताना हेडबोर्डची वरची कड धरून अंग उचलतो तेव्हा गिलाव्याच्या तुकड्यासकट बाहेर येतो. चिऱ्याचा आणखी एक गुण म्हणजे त्यात मधूनच मऊ मातीचे कप्पे लागतात. ड्रिल एकदम लोण्यात गेल्यासारखे आत गेले तर ते भोक सोडून दोन इंच बाजूला नवे पाडावे. आणि ड्रिल हातात घेण्यापूर्वी पलंगाशेजारचा स्विच पाहावा. भिंतीत बुजवलेली वायर त्याच्या सरळ वर किंवा खाली जात असते. त्या रेषेत भोक पाडू नये, आणि काम चालू असताना मुख्य बटण बंद ठेवून ड्रिलला दुसरीकडून वीज घेणे अधिक बरे.

हे सारे काम नोव्हेंबर ते मार्च या काळात करावे. कोरड्या दिवसांत लाकूड, काथ्या, फोम आणि भिंत या सर्वांतला ओलावा कमी असतो. ऑगस्टमध्ये केलेला हेडबोर्ड ऑगस्टची हवा पोटात घेऊनच जन्माला येतो.

खर्च साहित्य, मेस्तांची दोन दिवसांची मजुरी आणि शिलाई धरून त्या मखमली हेडबोर्डच्या निम्म्याच्या आत बसला. मेस्त नसते तर मजुरी वाचली असती आणि हेडबोर्ड कदाचित झालाच नसता.

पावसाळ्यातली देखभाल

महिन्यातून एकदा फळ्या उतरवून भिंत पाहायची, पाठ कोरड्या हवेत तासभर ठेवायची आणि अभ्रा धुवायचा. भिंतीवर बुरशीचा ठिपका दिसला तर तो कोरड्या झाडूने झाडू नये. बीजाणू खोलीभर उडतात. नाकातोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावा आणि जागा पंख्याखाली पूर्ण सुकू द्यावी. दम्याच्या रुग्णाने तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसावे. फोममध्ये बुरशी शिरली असेल तर मात्र तो धुऊन उन्हात वाळवण्याचा मोह टाळावा. ती आतून निघत नाही; फोम टाकून द्यावा. दोन फळ्यांच्या रचनेत एकाच फळीचा फोम बदलावा लागतो, हा आणखी एक फायदा.

एक तक्रार उरली आहे आणि ती आईची आहे. इंचभर पोकळी ही पालींना अंडी घालायला आदर्श जागा आहे. पहिल्याच पावसाळ्यात दोन पांढरी अंडी निघाली आणि दोन रात्री ती हेडबोर्डला टेकायला तयार नव्हती. आता महिन्याच्या पाहणीत तेही पाहिले जाते.

यंदाच्या चवथीला फळ्या उतरवल्या तेव्हा उजवीकडची भिंत कोरडी होती. डावीकडे, खालच्या कोपऱ्यात, वितीएवढा ओलसर डाग होता. जिथे पहिल्यापासून शंका होती तिथेच. त्या कोपऱ्याच्या नेमके बाहेर पन्हळ संपते आणि तिचे पाणी भिंतीच्या पायाशी पडते. पन्हळ दोन फूट पुढे न्यायला सांगितले आहे. तोवर डावीकडची फळी वऱ्हांड्यात उभी करून ठेवली आहे, आणि आई उजव्या बाजूला झोपते.